सगळं ९९ वर्षांचं

जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलेलं माणूस पहिलं वाक्य कोणतं बोलणार, हे बेळगावात तरी ठरलेलं आहे. 'अय्यो, अगदी असलंच आमच्याकडं होतं की ओ!' असलंच म्हणजे कसलंही. तांब्याचा बंब असो, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असो, मर्फीचा रेडिओ असो, नाहीतर नुसती लोखंडी बालदी असो. जगातली प्रत्येक जुनी वस्तू प्रत्येकाच्या घरी होती. दुसरं वाक्य: 'मोडीत घातलं.' घालणारी व्यक्ती नेहमी घरातली दुसरीच कुणीतरी असते, बहुतेक करून वहिनी. तिसरं वाक्य: 'आज असतं तर काय किंमत आली असती?' चौथं वाक्य नसतं, कारण तोवर माणूस पायरी उतरलेलं असतं. इतर दुकानांत गिऱ्हाईक येतं, इथं लोक समाचाराला येतात. घटकाभर बसतात, गेलेल्या वस्तूचे गुण आठवतात, हळहळतात आणि निघतात.

असं एक दुकान आमच्या मित्राचं आहे. नाव-पत्ता सांगत नाही. सांगितला तर तुम्ही बघायला याल, आणि बघायला येणाऱ्यांची त्याच्याकडं अजिबात टंचाई नाही. पुढं दुकान, मागं एक लांबट खोली. ही खोली पूर्वी तांदळाची वखार होती, आता तिथं कला होते. म्हणजे भिंतींवर चित्रं लागतात, मुलं मातीत हात घालतात, कुणी कविता वाचतं, कुणी कन्नड भावगीतं म्हणतं, मधूनच भजन असतं. दुकानानं खोली पोसावी अशी मूळ योजना होती. सध्या खोलीत जाणारे लोक दुकानात चपला काढतात, एवढाच काय तो दोन्हींचा व्यवहार. मित्राला आम्ही सगळे 'मालक' म्हणतो. जागा भाड्याची आहे, बराचसा माल उधारीवर आणलेला आहे, तरी म्हणतो.

दुकानाच्या आधी पाटी आली. सीमाभागात ती आधीच येते. २०२४ च्या कायदादुरुस्तीनं कर्नाटकातल्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं आणि तेही वरच्या बाजूला, असं ठरवून दिलं आहे. मालकांच्या दुकानाचं तोंड जेमतेम आठ फूट. पेंटरनं टेप लावून ६० टक्के मोजले, खाली उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीनं बसवली, आणि तिन्ही भाषांत नुसतं नाव लिहून होईतो पाटी संपली. आत काय मिळतं हे लिहायचं राहूनच गेलं. त्यामुळं दिवसाकाठी चार-पाच जण कन्नडमध्ये आणि तितकेच मराठीत 'झेरॉक्स आहे काय?' असं विचारून जातात. भाषिक सलोखा म्हणतात तो मी इथं डोळ्यांनी बघितला आहे. शेवटी मालकांनी एक जुनं झेरॉक्स मशीन आणून दारात ठेवलं. चालू नाही, विकायला आहे.

१ नोव्हेंबरला दुकान बंद असतं. १९५६ पासून ह्या तारखेला आमच्याकडं एकाच रस्त्यावर काळा दिन आणि राज्योत्सव असे दोन्ही असतात, आणि २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृतपणे बेळगावी झालं तेही ह्याच तारखेला. मराठी शेजाऱ्याला वाटतं, मालकांनी काळा दिन पाळला. कन्नड शेजाऱ्याला वाटतं, मालक मिरवणुकीला गेले. मालक त्या दिवशी मागच्या खोलीत झोपलेले असतात. वर्षातला हा एकच दिवस, की ज्या दिवशी दुकानावर सगळे खूश असतात.

आता मालाविषयी. बेळगावातली कुठलीही जुनी वस्तू एकटी येत नाही, ती मोठ्या माणसाला सोबत घेऊन येते. गांधीजींच्या खुर्चीचंच बघा. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात तेवढ्या एकाच अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. ह्या गोष्टीचा बेळगावकरांना फार अभिमान आहे आणि त्यातल्या पुष्कळांच्या माळ्यावर ते बसलेली खुर्ची आहे. मालकांकडं आजवर विकायला आलेल्या अशा खुर्च्या लक्षात घेतल्या तर महात्माजींनी त्या अधिवेशनात संगीत खुर्चीशिवाय दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही. खुर्चीच्या खालोखाल पेटी. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, शिवाय 'गणगोत'मधल्या रावसाहेबांमुळं सगळं बेळगावच त्यांच्या घरचं. तेव्हा गावातल्या प्रत्येक हार्मोनियमवर पु.लं.नी एकदा तरी बोटं फिरवलेली असतात. एखाद्या पेटीचा भाता फाटलेला, निम्मे सूर मुके असले तर तेही त्यांच्याच वाजवण्यानं, असं सांगायला लोक कमी करत नाहीत. एकानं तर वाजवणारा बदलून बघितला. 'पु.लं.चं राहू दे, रामभाऊ विजापुऱ्यांनी ह्याच्यावर रियाज केलाय,' म्हणाला. मालकांनी पेटी उलटी केली. खाली बनवणाऱ्याचं लेबल होतं, त्यावर साल २०१२. रामभाऊ गेले २०१० मध्ये. 'असेल,' मालक म्हणाले, 'मोठ्या माणसांचं काय सांगता येतंय?'

अशा पूर्वजांना आवरायला सरकारचा एक कायदा आहे, आणि तो बहुतेक विक्रेत्यांना मालकांच्या तोंडूनच पहिल्यांदा कळतो. पुरातन वस्तूंचा १९७२ चा केंद्रीय कायदा. कला-कारागिरीची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरातन ठरते, मोलाचं हस्तलिखित तर ७५ वर्षांतच. मग तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर न्यायचं तर नावच काढू नये. ह्या कायद्याचा परिणाम बघण्यासारखा असतो. एक गृहस्थ कापडात गुंडाळून समई आणतात. पणजोबांच्या आज्याला छत्रपतींनी दिलेली, म्हणतात. मालक हात जोडतात. 'मग नको ओ. शंभरच्या आतलं काही असलं तर बघूया.' गृहस्थ जरा विचार करतात. छत्रपती दरवाज्याबाहेर जातात. 'तसं बघायला गेलं तर १९६५ सालचं असंल. आईनं रविवार पेठेत घेतलं होतं.' अशी मालकांच्या दुकानात शिरताना प्रत्येक वस्तू तरुण होते. सगळा माल सरसकट ९९ वर्षांचा. खरी पंचाईत झाली ती खुर्च्यांची. डिसेंबर २०२४ मध्ये अधिवेशनाची शताब्दी झाली आणि गावातल्या सगळ्या गांधी-खुर्च्या एकदमच शंभरीच्या पुढं गेल्या. आता तीच माणसं येऊन सांगतात की, नाही ओ, खुर्ची नंतरची आहे, गांधीजी अशाच एका खुर्चीवर बसले होते.

भांड्यांचं दुःख वेगळं. पितळेच्या भांड्याला भंगारात किलोवर भाव आहे आणि तो रोज पेपरात बघता येतो. म्हणजे मालकांनी एखादा कडीचा डबा घ्यायचा तर आधी भंगारवाल्यापेक्षा जास्त द्यायचे, मग चिंच लावून घासायचा, फळीवर मांडायचा आणि सहा महिने लोकांची 'असलंच होतं की' ऐकायची. वजनात भंगारवाला जिंकतो, नवलाईत मॉलवाला. मालकांकडं उरतं ते भांड्यावरचं नाव. आपल्याकडं भांडं दिलं की त्यावर नाव घालायचं. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं: कुणाच्या लग्नात, कुणी दिलं, तारीख, गाव. परदेशी पाहुण्यांना ह्याचं फार कौतुक वाटतं, ती जणू त्या भांड्याची जन्मपत्रिका. खरं आपल्या माणसाला दुसऱ्याच्या आत्याच्या नावाचा तांब्या घरात चालत नाही. आणि स्वतःच्या आत्याच्या नावाचा निघाला तर काय होतं, ते मी बघितलं आहे.

शहापूरच्या एक काकू नातवासाठी पाटी-पेन्सिल बघायला आल्या होत्या. सहज तांब्या उचलला, चष्मा वर केला, ठिपके वाचले आणि खुर्चीवर बसल्या (ही साधी खुर्ची, महात्म्यांची नव्हे).

'हा आमच्या आत्याचा.'

'होय काय? बरं झालं की काकू. घरचं घरात जाईल. आठशे रुपये.'

'आमचंच आम्ही विकत घ्यायचं?'

'मी पण विकतच घेतलंय ओ.'

'कुणाकडनं?'

इथं मालक गप्प झाले. जुन्या वस्तूंच्या धंद्यात एवढा एकच प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर देणाऱ्याचं दुकान गावात टिकत नाही. तांब्या आत्याच्या सुनेनं आणून दिला होता. मालकांनी सांगितलं नाही, पण काकूंना सुनांची यादी पाठ होती. दुसऱ्या दिवशी येळ्ळूरहून दोघे आणि वडगावहून तिघे येऊन सगळ्या फळ्या तपासून गेले. एका परातीवर आक्षेप निघाला, एका घंगाळावर. पंचवीस वर्षांपूर्वी झालेली वाटणी दुकानातल्या बाकड्यावर बसून नव्यानं झाली. ह्या वाटणीत मालकांच्या वाट्याला सहाशे रुपये आले आणि चहाचं बिल. तेव्हापासून दुकानातली सगळी भांडी नावाची बाजू भिंतीकडं करून ठेवलेली असतात, आणि आत येणारं प्रत्येक माणूस आधी भांडं फिरवून बघतं.

असले धंदे टिकतात तरी कसे, ह्याची दोन उदाहरणं मालकांनी स्वतःच शोधून काढली आहेत. पहिलं पुण्याचं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं जमवली आणि तो सगळा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. त्यांच्या घरचा धंदा चष्म्यांचा. मालकांच्या मते गोम इथंच आहे: चष्मे विकायचे आणि अडकित्ते विकायचे नाहीत. दुसरं उदाहरण बेळगावचंच. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. म्हणजे १८५७ च्या आधीपासून लोक तिथं पुस्तकं नेतात आणि परत आणून देतात. तिथंही विक्री नाही. दोन्हींचा अभ्यास करून मालकांना दुकान टिकवायचा उपाय सापडला आहे, फक्त त्यात दुकान बसत नाही.

ज्यांनी विक्री केली त्यांचं काय झालं, तेही आम्हाला माहीत आहे. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले. काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत हे तिथं कळलं, तेव्हा ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले, आणि १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. लहानसं, स्वतंत्र, कलेतून आलेल्या माणसाचं. आज असतं तर मागं एक खोली नक्की असती. पण लक्ष्मणरावांना बसून राहायची सवय नव्हती. वैरण कापायचं यंत्र केलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी हा माणूस मागं हटला नाही. पुढं नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. आजची टिळकवाडी ती हीच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्कर तिकडं गेले. जागा देणारे हे राजेसाहेबही चित्रकारच, पुढं त्यांनी औंधला संग्रहालयही उभं केलं. सायकलवाल्याला हुसकावून लावायला नगरपालिका आणि जागा द्यायला चित्रकार, हे त्या काळीही असंच होतं. मालकांना ही गोष्ट सांगितली की ते घरमालकाचं पत्र काढून दाखवतात. 'मला पण जागा खाली करा म्हणून आलंय. फक्त तिकडनं राजाचं पत्र यायचं राहिलंय.'

खोलीबद्दल मालक हळवे आहेत. बेळगावला चित्रकलेचं वेड जुनं आहे. के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकारानं इथं पिढ्या घडवल्या, टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात त्यांच्या नावाचं कलादालन आहे. तेव्हा आपल्या खोलीत उद्घाटनाला गर्दी लोटणार अशी मालकांची समजूत होती. पहिल्या प्रदर्शनाला काळी कॉफी ठेवली, भिंतींवर पांढरा प्रकाश, चित्रांखाली बारीक अक्षरं. चित्रकार, त्याची बायको, बायकोची बहीण आणि झेरॉक्सवाले दोघे, एवढे आले. मग आम्ही मालकांना थंडीतल्या एका रविवारी गाडीवर घालून कडोलीला नेलं. बेळगाव तालुक्यात आणि निपाणीकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात: कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, तिकडं कारदगा. गावची मंडळी वर्गणी काढतात, सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कळशी घेतलेल्या मुली, मग परिसंवाद, कथाकथन, कवितांचं सत्र. भाताचं शेत कापून झालेलं असतं, माणसांना वेळ असतो. मांडवात शेतकरी मांडी घालून समीक्षा ऐकतात. मालक थक्क झाले. 'एवढे लोक? कवितेला?' दुपारी एकच्या सुमाराला अध्यक्षीय भाषणातून मांडव हळूहळू एका दिशेला कलायला लागला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. तिकडं पंगत होती.

पुढच्या प्रदर्शनाला कॉफी बंद. झुणका, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेवटी कुंदा. चित्रं भरपूर बघितली गेली. फक्त जेवणाची रांग खोलीच्या उजव्या भिंतीनं लागली होती, त्यामुळं डाव्या भिंतीवरच्या चित्रकारानं मालकांशी बोलणं टाकलं. आता पंगतीत अर्ध्यावर दिशा बदलतात.

निपाणीचा नाद मालकांना तंबाखूनं लावला. तिकडच्या वखारींतून बिड्यांच्या जुन्या वेष्टनांचे रंगीत छाप मिळतात. वाघ, मोर, विमान, पहिलवान, काय वाट्टेल ते त्यावर आहे, आणि बंगळूरची पोरं ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी मालकांनी एक 'बिडी संच'सुद्धा मांडला होता: सूप, कात्री आणि तेंदूची पानं कापायचं पत्र्याचं माप, किंमत बाराशे, खाली 'लोप पावलेली कारागिरी' अशी चिठ्ठी. निपाणीहून लग्नाच्या भांड्यांची चौकशी करायला आलेल्या एका मावशींनी तो बघितला. सूप हातात घेऊन मापानं टिचकी मारली.

'ह्याचं काय करतासा?'

'मावशी, जुनं आहे. आठवण म्हणून लोक घेतात.'

'जुनं? सकाळी ह्याच्यावर पाचशे बिड्या वळून आलोय की मी. बाराशे देत असला तर उद्या आमच्या गल्लीतली समदी आणते. हजारी मजुरी बी नको आम्हांस्नी मग.'

संच त्याच दिवशी आतल्या कपाटात गेला. निपाणीतल्या तंबाखू कामगार बायांवर 'युगांतर' ह्या गटानं १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. मालक आता खोलीत तो लावायचं म्हणतात, मावशींच्या गल्लीला बोलावून. चिठ्ठी लिहायचं काम त्यांच्याकडंच देणार आहेत. त्याच कपाटात शेतकरी संघटनेचा एक लाल बिल्ला आहे. १९८१ चं तंबाखू आंदोलन, महामार्गावरचा तो ठिय्या आणि गोळीबारात गेलेले शेतकरी ज्याच्या तरुणपणात घडले, अशा एका म्हाताऱ्यानं तो आणून दिला. पैसे घेतले नाहीत. मालकांनीही त्याला किंमत लावलेली नाही, आणि घासाघीस करण्यात हयात गेलेल्या आमच्यातल्या कुणीही ती विचारलेली नाही.

निपाणीची दुसरी गंमत हद्दीची. गाव कर्नाटकात आणि गावाला चिकटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. पोरं सकाळी परराज्यात जाऊन दुपारी जेवायला घरी येतात. त्यांना काही वाटत नाही, पण मालकांच्या बंबाला वाटतं. वस्तू आणि सेवा करात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात करपात्र माल पोहोचवायचा तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी सक्तीची. हस्तकलेच्या वस्तूंना एका मर्यादेपर्यंत सूट आहे. आता बंब ही हस्तकला काय? ठोकणाऱ्या तांबटाला विचारावं तर तो ९९ वर्षांपूर्वीचा. तेव्हा बंब निपाणीत घेतला तर घरचा, कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला पोचवला तर आंतरराज्य. दुसरीकडं एक सवलतही आहे: जुन्या मालावरचा कर पूर्ण किमतीवर न भरता खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, आणि फरक उणे आला तर तो धरतच नाहीत. करसल्लागारानं मालकांच्या वह्या चाळल्या आणि समाधानानं मिटल्या. 'हा नियम तुमच्यासाठीच केलाय बघा,' म्हणाला.

मग चालतं कशावर? भाड्यावर. हे शोधून काढायला मालकांना फार वेळ लागला. लोकांना ग्रामोफोन नको असतो, ग्रामोफोनशेजारी उभं राहून काढलेला फोटो हवा असतो. लग्नाआधीच्या फोटोंना टाइपरायटर जातो, गणपतीच्या देखाव्याला कंदील जातात, शाळेच्या स्नेहसंमेलनात टिळकांच्या मागं मर्फीचा रेडिओ असतो. (टिळक १९२० मध्ये गेले, रेडिओ पुढचा. हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, 'मागं जागा मोकळी दिसती ओ.') वस्तू जाते, दोनशे-तीनशे रुपये मिळवून संध्याकाळी घरी येते. मालकांच्या घरातलं एवढं नियमित कमावणारं आणखी कुणी नाही.

राहता राहिलं बाकडं. शिसवी आहे, कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातलं, पाठ जरा कललेली. वाटणी झाली ती ह्याच्यावर, आणि आम्ही सकाळ-संध्याकाळ बसतो तेही ह्याच्यावर. दुकानातल्या सगळ्या मालात गिऱ्हाईक मनापासून किंमत विचारतं ते ह्या एकाच वस्तूची, आणि तेव्हा आम्ही चौघेही रस्त्याकडं बघायला लागतो. गेल्या आठवड्यात कागलचे एक पाहुणे आले. त्यांनी 'असलंच होतं' म्हटलं नाही, मोडीचं नाव काढलं नाही. सरळ वाकून पाय बघितले, पाठीवर हात फिरवला. अर्थात बाकड्याच्या.

'एष्टु री?' आधी कन्नडात, मग आमच्या चेहऱ्यांकडं बघून मराठीत: 'काय घ्याल?'

मालकांनी घरमालकाच्या पत्राकडं एकदा आणि आमच्याकडं एकदा बघितलं. 'बारा हजार.'

आमच्यातल्या एकानं हळूच दुसऱ्याची चप्पल पायानं पुढं ओढून घेतली. बाकी कुणी हललं नाही. पाहुणे थोडा वेळ थांबले, आम्ही उठू म्हणून. मग म्हणाले, 'हे ह्यांच्यासकट, का ह्यांच्याशिवाय?'

'ह्यांच्याशिवाय बारा,' मालक म्हणाले. 'ह्यांच्यासकट नेलं तर फुकट. खरं न्यायचं तुमचं तुम्ही. घरपोच दिलं तर आंतरराज्य होतंय.'